वाचणावळ

जयनगर, बेंगळुरू
मंगळवार, ११ जून २०२४

प्रिय भार्गवी,

सप्रेम नमस्कार. इकडे सर्व ठीक, तिकडे सांगलीतही तसंच असावं. चौतीस वर्षांनी पत्र लिहायचं म्हणजे खुशाली घाऊक भावातच विचारावी लागते, त्याबद्दल रागावू नकोस. रागवायला पुढे जागा आहे.

आधी माझं गाऱ्हाणं ऐक. आमच्या इमारतीचा मंगळवार काढून घेण्यात आला आहे. गेली सहा वर्षं सुका कचरा मंगळवारी उचलत. पुठ्ठे, बाटल्या, वर्तमानपत्रं आणि दुसऱ्या मजल्यावरच्या जोडप्याला दिवसातून तीनदा येणाऱ्या पार्सलांची खोकी, हे सगळं सकाळी सातला गेटपाशी न्यायचं. माझा आठवडा त्यावर उभा होता. दूधवाल्याचा हिशेब, केसांना मेंदी, लेख पाठवायची मुदत, सगळं मी ‘कचऱ्याच्या आधी’ आणि ‘कचऱ्यानंतर’ असंच लक्षात ठेवायची. आता कमिटीने व्हॉट्सॲपवर अंगठे दाखवणाऱ्या चार जणांच्या बहुमताने हा दिवस शुक्रवारवर ढकलला. मी सेक्रेटरी श्रीकंठय्यांना लेखी निषेध दिला. त्यांनी तो घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला. “मंगळवार इल्ला मॅडम. शुक्रवार. स्वल्प ॲडजस्ट माडी.” म्हणजे जरा जमवून घ्या.

मी म्हटलं, “माणसाचा मंगळवार असा परस्पर काढून घेता येत नाही.”

“सरी मॅडम,” म्हणाले, आणि लिफ्टचं दार लावून घेतलं.

तर आता मंगळवारी सकाळी मला एक मोकळा तास मिळतो, आणि त्याचं काय करायचं ते कळत नाही. म्हणून हे पत्र. तुझा फोन नंबरही मिळाला होता, पण फोन तू लगेच ठेवून दिला असतास. पत्र निदान फाडण्यासाठी तरी हातात घ्यावं लागतं.

नंबर आणि पत्ता दोन्ही आर्याने शोधून दिले. आर्या म्हणजे आपल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेची संपादक. पुण्याची मुलगी, एचएसआर लेआउटला राहते. काय काम करते ते तिने मला दोनदा समजावून सांगितलं आणि दोन्ही वेळा मी मान हलवली. मंडळाला पन्नास वर्षं होतायत म्हणून ती जुने दिवाळी अंक स्कॅन करते आहे. मागच्या रविवारी माझ्याकडे आली ती सोफ्यावर बसायच्या आतच बोलायला लागली.

“मावशी, तुमचा तो नव्वदचा लेख! ‘हॅवचा संसार’! मी ऑफिसमध्ये वाचत होते, लिटरली डोळ्यांतून पाणी. तोच परत छापायचाय. आणि ऑगस्टमध्ये तुमचा सत्कार.”

“शाल देणार?”

“ऑफकोर्स देणार.”

“बरं. इथे ऑगस्टमध्ये लागते.”

तुला माहीतच आहे, मी लेखिका झाले ती त्या लेखावर. पुढे पंचवीस वर्षं सदरं लिहिली, तीन पुस्तकं आली, बेंगळुरूतली सर्वोत्तम मराठी विनोदी लेखिका हे पद मी सांभाळून आहे. स्पर्धेला कोणी नसल्यामुळे ते फारसं अवघड गेलं नाही. पण कोणीही भेटलं की आठवण काढतं ती त्याच लेखाची. एकविसाव्या वर्षी लिहिलेल्या चार पानांच्या पुढे मी गेलेच नाही, असं लोक मला कौतुकाने सांगतात.

निघताना आर्या दारात थांबली. “मावशी, त्या मंगळवारवाल्या काकू खऱ्या होत्या ना? मग त्यांनी दिली का टायपिंगची परीक्षा?”

मी तिला विचारलं, कॉफी घेशील का. ती आधीच दोन कप प्यायली होती.

भार्गवी, तुला आमचा व्हरांडा आठवतो? पीण्या औद्योगिक वसाहतीच्या अलीकडची आपली कारखान्याची कॉलनी, बी टाइपची बैठी क्वार्टर्स, दुपारी दोनचा भोंगा. भोंगा झाला की पुरुष दुसऱ्या पाळीला आणि बायका आमच्याकडे. कोणी घेवडा निवडायला घेऊन यायच्या, कोणी लोकरीचं विणकाम. लग्न होऊन मिरजेहून, साताऱ्याहून, बेळगावहून एकदम इथे आलेल्या. कानडी त्यांना भाजीवाल्याने शिकवलं. बँकेचा फॉर्म, मुलांच्या शाळेची चिठ्ठी, दवाखान्याचा कागद मात्र इंग्रजीत यायचा आणि नवऱ्याच्या हातात जायचा. आईने लग्नाआधी मिरजेच्या शाळेत चार वर्षं इंग्रजी शिकवलेलं. तिने व्हरांड्यात फळा टांगला.

तिची पद्धत जगावेगळी होती. पुस्तक नाही. प्रत्येकीला वर्षभरासाठी एकच क्रियापद. “भाजी रोज बदला, पण आधी मीठ ओळखा,” म्हणायची. शेजारच्या वहिनींना ‘गो’ मिळालं, त्या बिचाऱ्या दर आठवड्याला कागदावर म्हैसूरला जाऊन यायच्या. तुझ्या आईला, महानंदाकाकूंना, मिळालं ‘हॅव’.

आणि काकूंनी पहिल्याच दिवशी आईला अडवलं. “प्रेमाताई, हे काय हो? आपल्याकडे ताप येतो, भूक लागते, भाऊ असतो, पैसे जवळ असतात, आंघोळ करायची असते. ह्यांचं सगळंच ‘हॅव’? तापसुद्धा मुठीत धरून ठेवायचा?”

आई म्हणाली, “हो. आणि करावंच लागतं तेही ‘हॅव’. आय हॅव टु कुक.”

“म्हणजे माझ्याजवळ स्वयंपाक आहे.”

“आहेच की!”

सगळा व्हरांडा हसला. काकू हसल्या नाहीत. त्या वहीत उतरवून घेत होत्या. आधी देवनागरीत इंग्रजी, खाली इंग्रजी अक्षरांत, त्याखाली मराठी. अक्षर कसं ठसठशीत! ‘हॅव हॅड’ कधी म्हणायचं, हे विचारायला एकदा त्या भर उन्हात मुद्दाम आल्या होत्या. आईने सांगितलं, “एखादी वस्तू तुझ्याकडे कधीपासून आहे आणि अजूनही आहे, हे एका दमात सांगायचं असेल तेव्हा. वर्षातून एकदा लागतं.” काकूंनी तेही लिहून घेतलं.

आईचे नियम दोन. एक, वाक्य खरं असलं पाहिजे. खोट्या वाक्याला ती लाल रेघ मारायची, व्याकरण बरोबर असलं तरी. “खरं वाक्य पाठ करावं लागत नाही,” म्हणायची. दुसरा, जी कोणी दुसरीची वही वाचेल तिने शेवटच्या पानावर त्याच क्रियापदाचं स्वतःबद्दलचं एक खरं वाक्य लिहायचं. दळायला दळणावळ, तशी वाचायला वाचणावळ. त्यामुळे उगाच कोणी कोणाच्या वहीत डोकावत नसे.

मी डोकावले, हे जगजाहीर आहे. वह्या तपासायला आमच्याकडे असत आणि मी घरात बसून बी.ए. करत होते. काकूंच्या वहीतली वाक्यं घेऊन मी लेख लिहिला. ‘आय हॅव वन डॉटर. शी हॅज माय नोज अँड हिज टेंपर.’ ‘माय हजबंड हॅज हिज टी ॲट फाइव्ह. आय हॅव माइन ॲट थ्री. आय हॅव मोअर शुगर.’ आणि ते एक, ज्याच्यावर आर्या ऑफिसात रडली: ‘ऑन ट्यूसडे आय हॅव टायपिंग. ॲट होम आय हॅव सेड टेंपल.’ मंगळवारी मला टायपिंग असतं. घरी मी देऊळ सांगितलंय.

ते वाक्य काकूंना महागात पडलं. मी नाकारत नाही, तेव्हाही नाकारलं नव्हतं. पण मला वाटलं होतं, सरावाची वाक्यं आहेत, कोण खरी धरणार? हे मी तुला तेव्हा बसस्टॉपवर सांगायचा प्रयत्न केला. तू म्हणालीस, “लिहून झालं ना? आता बोलू नकोस.” तू हॉस्टेलला परत गेलीस आणि मीही तुझं ऐकलं. चौतीस वर्षं म्हणजे जरा जास्तच ऐकलं.

तर विचारायचं एवढंच, की लेख पुन्हा छापला तर तुमची हरकत नाही ना? तुझे बाबा, मल्हाररावकाका, गेले ते मला मंडळाकडून कळलं होतं, तेव्हाही पत्र लिहायला घेतलं होतं. नावं हवी तर बदलू. आर्याला महिनाअखेरपर्यंत उत्तर हवंय. काकूंची वहीही माझ्याकडे आहे. रद्दी बांधताना सापडली.

बाकी बेंगळुरू तू ओळखणार नाहीस. कॉलनीची अर्धी क्वार्टर्स रिकामी आहेत. मागच्या महिन्यात मल्लेश्वरमला गेले होते, तो टायपिंगचा क्लास होता ती इमारत पाडून तिथे दागिन्यांचं दुकान झालंय. तो लाकडी जिना, चौथी पायरी हलायची तो, खालचं केसरीबातवालं हॉटेल, सगळं गेलं. उगाच थोडा वेळ समोरच्या फुटपाथवर उभी राहिले.

काकूंना नमस्कार सांग. सांगावासा वाटला तर.

तुझी
सुलभा

&nbsp;

जयनगर, बेंगळुरू
मंगळवार, २५ जून २०२४

प्रिय भार्गवी,

तुझं कार्ड मिळालं. पाच ओळी. समोर ठेवूनच लिहिते आहे.

‘परवानगी माझी नाही, आईची. तिला तुझं पत्र वाचून दाखवलं. जिन्यापाशी आल्यावर ती म्हणाली, थांब, परत वाच. तुला काही माहीत नव्हतं, तर चौथी पायरी हलायची हे तुला कसं माहीत? आईला विचारलं तर हसली. म्हणाली, तिलाच विचार. विचारते आहे. मी तुला आजवर नुसती मूर्ख समजत होते.’

मी पंचवीस वर्षं लोकांच्या वाक्यांतल्या फटी शोधून पोट भरलं, आणि माझ्या पत्रात एवढा मोठा दरवाजा उघडा राहिला. वाचून पहिल्यांदा हसूच आलं. मग एक गोष्ट लक्षात आली आणि हसू थांबलं. काकूंनी तुला सांगितलंच नाही. चौतीस वर्षांत एकदाही नाही.

मग आता मीच सांगते.

मला माहीत होतं. ते वाक्य खरं आहे हे आईखालोखाल मलाच माहीत होतं, कारण तो मंगळवार माझाही होता.

लग्न झालेली बाई आठवड्यातून एकदा एकटी बसने मल्लेश्वरमला जाते म्हटल्यावर कॉलनीत चार जणी विचारणारच. ‘सुलूला घेऊन मारम्माच्या देवळात’ म्हटलं की कोणी विचारत नसे. तू हॉस्टेलला होतीस. मी होते सोबतीला. तीनची बस, साडेतीन ते साडेचार क्लास. काकू वर जायच्या आणि मी खालच्या हॉटेलात त्यांच्या पैशांचा गोड केसरीबात खात पुस्तक वाचायची. कधी कंटाळा आला की वर जाऊन दाराशी उभी राहायची. चौथी पायरी हलायची. काकू कडेने पाय टाकायच्या, मी मधोमध, मुद्दाम, आवाज यावा म्हणून. त्या वळून न बघता म्हणायच्या, “आली का द्वाड.”

बारा मशिनांचा एकदम कडकडाट, आणि त्यात पाठ ताठ करून बसलेली तुझी आई. समोरचा मजकूर वाचायचा, बोटांकडे बघायचं नाही. आजूबाजूला सगळ्या अठरा-वीस वर्षांच्या मुली, आणि काकू एक्केचाळिसाव्या वर्षी त्यांच्यापेक्षा वेगात. परतीच्या बसमध्ये पुढच्या सीटच्या दांडीवर त्यांची बोटं चालू असायची. ए एस डी एफ. मग पर्समधून कुंकवाची पुडी काढून कपाळाला लावायच्या, माझ्याही. देवळातून आल्याची खूण. सरावाचे कागद माझ्या पलंगाखालच्या ट्रंकेत राहायचे. एकदा काका गेटपाशीच भेटले. “काय सुलू, गर्दी होती का?” मी म्हटलं, “हो काका, आज फारच.” न अडखळता. काकूंनी घरी पोचल्यावर माझा कान धरला होता. “इतकं छान खोटं बोलू नये गं, सवय लागते.”

नोव्हेंबरअखेर त्यांची ज्युनिअरची परीक्षा होती. पास झाल्या की शाळेच्या ऑफिसात टायपिस्टची जागा निघणार होती, हेडमिस्ट्रेसशी आईचं बोलणं झालं होतं. काकांना काकू निकालाचा कागद हातात देऊनच सांगणार होत्या. “आधी कागद, मग बोलणं,” म्हणायच्या. दिवाळी परीक्षेच्या पाच आठवडे आधी आली.

आता लेख. मी तुला सांगितलं की सरावाची वाक्यं वाटली. खोटं. मी लेख लिहिला तेव्हा मला त्या वाक्याची नीट भीती वाटली होती. इतकी, की मी ते बदललं. मंगळवारचा गुरुवार केला, टायपिंगचं शिवण केलं. मग वाचून पाहिलं. ‘गुरुवारी मला शिवण असतं, घरी मी देऊळ सांगितलंय.’ मेलेलं वाक्य. शिवणाला कोण कशाला खोटं बोलेल? मी गुरुवार खोडला आणि मंगळवार परत लिहिला. मंगळवार, टायपिंग, देऊळ. लेखातलं सगळ्यात चांगलं वाक्य तेच होतं, भार्गवी. माझं नव्हतं, पण चांगलं होतं. मला ते सोडवेना. स्वतःला सांगितलं, मंडळाचा अंक कोण वाचतं.

मल्हाररावकाका वाचत होते. फराळाच्या दिवशी मंडळाच्या हॉलमध्ये आपण सगळे, तू तुझी ती निळी ओढणी घेऊन माझ्या शेजारी. काकांचा आवाज चांगला, म्हणून दरवर्षी अंकातलं वाचायला तेच उभे राहायचे. “या वर्षी आपल्या सुलूने बाजी मारली आहे!” असं म्हणून त्यांनी सुरुवात केली. नाक आणि राग आलं तेव्हा ते स्वतःच खदखदून हसले, तुझ्याकडे बोट दाखवून. चहा आला, साखर आली. मग ते मंगळवारपाशी आले. पहिलं वाक्य त्यांनी हसत वाचलं. दुसरं वाचता वाचता त्यांचा आवाज खाली गेला, ज्या जागी लोक सगळ्यात मोठ्याने हसत होते त्याच जागी. त्यांनी चष्मा काढला, पुसला. काकूंकडे बघून म्हणाले, “वा. म्हणजे मारम्मा टायपिंगपण शिकवते.”

पुन्हा हशा. काकूंच्या ताटलीत अर्धी करंजी होती. त्यांनी ती ताटलीच्या मधोमध ठेवली, ताटली खुर्चीखाली सरकवली, आणि मग माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. ‘गर्दी होती का’ला मी उत्तर दिलं होतं तेव्हा बघितलं होतं ना, तसंच.

काका काही बोलले नाहीत, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ओरडणं नाही, भांडण नाही. पुढच्या मंगळवारी तीन वाजता हाफ डे घेऊन ते स्कूटर काढून फाटकाशी उभे राहिले, आणि काकूंना मागे बसवून देवळात घेऊन गेले. त्याच्या पुढच्याही. पाच आठवडे, आणि मग वर्षानुवर्षं. सगळी कॉलनी म्हणायची, मल्हाररावांना किती हौस! आर्याच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. परीक्षा मंगळवारीच होती. त्या दिवशी स्कूटर आमच्या व्हरांड्यासमोरून गेली आणि मी आत जाऊन ट्रंकेवर बसले.

आईने फळा काढला. वह्या घरोघरी नेऊन दिल्या. “महानंदाची कुठे आहे?” म्हणून मला विचारलं. मी म्हटलं, सापडत नाही. तिने मला लाल रेघ मारावी तसं बघितलं आणि पुन्हा कधी विचारलं नाही. सहा वर्षांपूर्वी गेली, तोवर नाही. वही रद्दीत सापडली हेही खोटं आहे. चार घरं बदलली, चारही घरांत ती माझ्या साड्यांच्या खाली होती.

मी परत का केली नाही? त्या वहीत मागे वाचणावळीचं पान आहे आणि ते कोरं आहे. नुसती परत करता येत नव्हती. खरं वाक्य लिहून द्यायला हवं होतं, आणि माझ्याकडे विनोदी वाक्यं भरपूर होती.

आर्याला काल सांगितलं, लेख छापायचा नाही. ना स्मरणिकेत, ना आणखी कुठे. तिचा चेहरा पडला. “पण मावशी, इट्स युअर बेस्ट!” मी म्हटलं, “हो ना. म्हणूनच.” मग तिला सगळं सांगितलं. तिने लॅपटॉप मिटला. मग म्हणाली, “सत्काराचं काय करू? शाल ऑर्डर केलीय.” मी म्हटलं, व्हरांड्यातल्या फळ्याच्या नावाने कर, आईच्या. विचारते म्हणाली.

तुझ्या कार्डाचं उत्तर एवढंच. मूर्ख असते तर बरं झालं असतं. तुझा राग चुकीच्या गुन्ह्यावर चौतीस वर्षं खर्च झाला, आता खऱ्यावर पुन्हा सुरू करायचा असेल तर मला तक्रार नाही. पण तुझ्या आईने माझं नाव झाकून ठेवलं, का ते मला कळत नाही. विचारायचा धीर नाही. तू विचारलंस आणि त्यांनी सांगितलं, आणि तुला मला कळवावंसं वाटलं, तर कळव.

पार्सलमध्ये वही आहे आणि काकूंसाठी वेगळं पत्र. त्यांना चष्मा दे आणि त्यांचं त्यांना वाचू दे.

सुलभा

&nbsp;

जयनगर, बेंगळुरू
मंगळवार, २५ जून २०२४

ती. महानंदाकाकूंस,

सुलूचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमची वही परत पाठवते आहे. कव्हर नवं घातलंय, जुनं वाळवीने खाल्लं होतं. आत एक अक्षर इकडचं तिकडे नाही. तुमच्या ‘हॅज’ला आईने दिलेल्या बरोबरच्या खुणा अजून लाल आहेत. ट्रंकेतले टायपिंगचे कागदही घातलेत, बावीस आहेत. शेवटच्या कागदावर एकही चूक नाही, मी तपासलं.

लेख पुन्हा छापला जाणार नाही. तुमची परवानगी मी मागत नाही, कारण ती तुम्ही दिली असतीत अशी मला भीती आहे.

भार्गवीला मी सगळं लिहिलंय. तुम्ही तिला कधीच सांगितलं नव्हतंत, हे मला आता कळलं. काकू, मला तुमच्या हातून एक लाल रेघ मिळाली असती तर मी फार आधी सुधारले असते. नसतेही कदाचित.

इथे जिना नाही आता. पण मागच्या आठवड्यात मी त्या दुकानासमोर पुन्हा गेले होते, मंगळवारच होता. येताना बसमध्ये बसायला जागा मिळाली आणि बघते तर माझी बोटं पुढच्या दांडीवर चालली होती. ए एस डी एफ. मला टायपिंग येत नाही. तुमचं बघून बघून एवढंच लक्षात राहिलंय.

वाचणावळ बाकी होती. शेवटच्या पानावर तुमच्याच पद्धतीने लिहिली आहे, आधी देवनागरीत, मग इंग्रजी अक्षरांत, मग मराठीत. आई असती तर आधी तिला दाखवली असती. वर्षातून एकदा लागतं म्हणाली होती ते मला इतक्या उशिरा लागलं.

‘आय हॅव युअर ट्यूसडे. आय हॅव हॅड इट फॉर थर्टी-फोर इयर्स.’

तुमचा मंगळवार माझ्याकडे आहे. चौतीस वर्षांपासून आहे.

व्याकरण तुम्ही तपासा. वाक्य खरं आहे.

तुमची देवळातली सोबतीण,
सुलू